स्लॅबवरची डांगरं

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी माझा नवरा घरामागच्या भिंतीवर पाणी मारत होता. तो पडला. त्याला दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं.

भिंत एका खोलीची होती आणि खोली त्याच्या आईसाठी होती. इंदिरानगरमध्ये आमचं लहान रो-हाउस आहे. मागे कंपाउंडपर्यंत थोडी मोकळी जागा आहे. तिच्या निम्म्या भागात एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम बांधायचं, उरलेल्या निम्म्यात भाजीपाला लावायचा, असं त्याने ठरवलं होतं. आई घोटीजवळच्या गावी धाकट्या भावाकडे राहायच्या. तिथे भातशेती आहे, माणसं आहेत, पण त्यांचे गुडघे गेले होते आणि उपचार नाशिकला चालू होते. दर खेपेला त्या आमच्याकडे यायच्या आणि चौथ्या दिवशी पिशवी भरायच्या. आईला रिकामं बसवत नाही, तिला हात घालायला माती लागते, असं तो म्हणायचा. प्लास्टरला पाणी मारायचं काम खरं म्हणजे मिस्त्रीच्या माणसांचं. ती मारत नव्हती, म्हणून तो ऑफिसला जायच्या आधी नळी घेऊन उभा राहायचा.

सासूला मी आत्याबाई म्हणते. आमच्याकडे तशीच रीत आहे. रामकुंडावर दहावा झाला, तेरावं झालं, पाहुणे गेले. आत्याबाई राहिल्या. थोरला मुलगा गेलेल्या घरातून लगेच कसं निघायचं, एवढंच त्यांच्या मनात असावं. त्यांनी मला सांगून ठेवलं की पाऊस संपला की जाईन.

आम्हाला मूल नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवस तिथे जातो, प्रश्न संध्याकाळचा असतो. त्याच्या ऑफिसचे लोक भेटले की त्याच्याबद्दल चांगलं बोलायचे, आणि ते बोलणं कुणाबद्दलही चाललं असतं. 'लहानपणी तो' अशी सुरुवात करून पुढे काहीतरी सांगू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते पाऊस संपायची वाट बघत होतं. म्हणून मी ठरवलं की पावसाळा संपायच्या आत खोली पूर्ण करायची आणि मागे भाजी उभी करायची. आत्याबाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आणखी लवकरचा दिवस ठरवला असता.

मिस्त्री वाईट माणूस नव्हता. तो तेराव्याला आला होता, कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता. पण काम म्हटलं की तो "उद्या येतो ताई" म्हणायचा आणि यायचा नाही. त्याला फोन लावला की आधी एक भजन वाजायचं. ते भजन मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पाठ झालं, कारण तो फोन उचलायचाच नाही. कधी उचललाच तर मागून दुसऱ्या कुणाच्या तरी घरातल्या कटरचा आवाज यायचा आणि तो सांगायचा की तुमच्याकडेच निघालोय.

एप्रिलमध्ये त्याने बाथरूमची फरशी बसवून दिली. मी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी जाळीकडे न जाता सरळ दाराकडे आलं आणि उंबऱ्यावरून खोलीत उतरलं. मी त्याला ते दाखवलं. त्याने पुन्हा एक बादली ओतली, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, वायपर मारायचा."

गुडघे गेलेल्या बाईने आंघोळ झाल्यावर वायपर मारायचा. मी एरवी भांडत नाही. त्या दिवशी भांडले, आणि भांडताना शेजारच्या खिडक्या उघडल्याचं मला कळलं तरी थांबले नाही. शेवटी त्याने फरशी उखडली आणि उतार पुन्हा काढला. आता पाणी जाळीकडे जातं, फक्त एका कोपऱ्यात थोडं साचून राहतं. ते मी सोडून दिलं, कारण उखडलेला माल कुठे गेला हा नवा प्रश्न माझ्यासमोर होता. "साफ केलं ताई" असं त्याने सांगितलं होतं आणि मागची जागा खरोखर साफ दिसत होती. जूनमध्ये मी वाफा करायला कुदळ मारली तेव्हा ती ठण्ण वाजली. फरशीचे तुकडे, विटांचे तुकडे, घट्ट झालेली सिमेंटची अर्धी गोणी, वायरी, गुटख्याच्या पुड्या, असं सगळं खाली होतं आणि त्यावर वीतभर माती पसरलेली होती.

ग्रंथालयातून मी परसबागेवरची पुस्तकं आणली होती. त्यांत माती भुसभुशीत करून घ्या असं लिहिलं होतं. मी रोज संध्याकाळी घमेलंभर तुकडे काढायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथेच आणखी निघायचे. हाताला फोड आले. शेवटी मी नर्सरीतून मातीच्या पिशव्या आणल्या.

आत्याबाई मागच्या दारात खुर्ची टाकून हे सगळं पाहत बसायच्या. तोवर त्या फारसं बोलत नव्हत्या. मातीच्या पिशव्या रिक्षातून उतरल्या तेव्हा मात्र त्यांनी कितीतरी दिवसांनी मला पूर्ण वाक्यात काही विचारलं.

"माती इकत आणली?"

मी हो म्हटलं. त्यांनी फोन लावून धाकट्या मुलाला ते सांगितलं. मग नणंदेला. मग गावच्या कुणा बाईला. हिनं माती इकत आणली, पिशवीत घालून, रिक्षानं. पुढचे कित्येक दिवस घरात हीच बातमी होती. मला राग यायचा आणि त्या बोलतायत म्हणून बरंही वाटायचं, आणि हे दोन्ही एकाच वेळी वाटल्याने चिडचिड आणखी वाढायची.

पुस्तकांप्रमाणे मी मेथी, पालक, टोमॅटो आणि वाल लावले. मेथी उगवली आणि एका सकाळी नव्हती. गोगलगायींनी रातोरात साफ केली होती. वालावर काळा मावा पडला. टोमॅटोची पानं खालून करपत वर गेली. पालक तेवढा आला, पण शेजारच्या मांजराने तो आपला संडास ठरवला. मी कडुनिंबाचं तेल फवारलं, राख टाकली, मिठाचं पाणी ठेवलं. आत्याबाई म्हणायच्या, "पुस्तकाला विचार, मांजराचं काय करायचं." मी म्हटलं, तुम्ही सांगा. त्यावर त्यांचं उत्तर असायचं की मी काय सांगू, मी तर भातवाली.

मग एक दिवस दिराने ओळखीच्या माणसाबरोबर एक पुरचुंडी पाठवली. आत्याबाईंनी मागवली होती. त्यात डांगराच्या बिया होत्या. तांबड्या भोपळ्याला इकडे डांगर म्हणतात. गावी भातखाचराच्या बांधावर त्या दरवर्षी ते लावायच्या. मी कॉलेजला गेले असताना त्यांनी बाथरूमच्या मागच्या बाजूला, जिथे सांडपाण्याचा पाइप थोडा गळतो, तिथे आळं करून बिया टोचल्या. संध्याकाळी मी आले तर त्यांच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. खाली कशा बसलात, असं विचारलं तर म्हणाल्या, "बसली. उठाया लय येळ गेला."

माझ्या वाफ्यांकडे कुणी बघू नये असा तो वेल वाढला. फरशीचे तुकडे, सिमेंट, कशाचंच त्याला काही वाटलं नाही. भिंतीतून बाहेर राहिलेल्या सळया धरत तो खोलीच्या स्लॅबवर चढला आणि श्रावण संपता संपता सगळा स्लॅब पानांनी झाकून गेला. आत्याबाई रोज सकाळी काठी टेकत मागे जायच्या. फुलं कुठली नर, कुठली मादी, ते मला खालून काठीने दाखवायच्या. मला वाटलं, झालं. आता पाऊस संपला तरी काही बिघडत नाही.

खोलीचं छत मात्र गळत होतं. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करायचं राहिलं होतं आणि आत भिंतीला ओल आली होती. अशा खोलीत त्यांचा पलंग टाकणं शक्य नव्हतं. त्या हॉलमध्येच झोपत होत्या. मी मिस्त्रीच्या मागे लागले होते. गणपती गेल्यानंतर चार दिवस ऊन पडलं आणि एका सकाळी कुणी न बोलावता तो खरंच आला, माणूस घेऊन, सामान घेऊन. मी कॉलेजला फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं. त्याने शिडी लावली. आत्याबाई काठी घेऊन शिडीखाली उभ्या राहिल्या.

"उतर खाली," त्या म्हणाल्या. "वेल हाय वर. फळं धरलीत."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याबाईंना समजावलं की वेल बाजूला घेऊन काम करता येईल. त्या म्हणाल्या की वेल काय चादर हाय, बाजूला घ्यायला. मिस्त्री शिडीवरून इतक्या झटकन उतरला की जणू याचीच वाट पाहत होता. "आजींचं बरोबर आहे ताई," असं म्हणून त्याने सामान गाडीत टाकलं. "वेल निघाला की फोन करा."

त्या दिवशी मी आत्याबाईंवर आवाज चढवला. मी म्हटलं, किती महिने मी त्या माणसाच्या मागे आहे, ही खोली कुणासाठी चाललीय. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कुठं मागितली खोली?"

त्यांनी खरंच मागितली नव्हती. खोली त्याने ठरवली आणि ती पूर्ण करायचं मी. मी कॉलेजला निघून गेले.

पाऊस ओसरला. डांगरं पिकली, देठ वाळले. आत्याबाईंना शिडी चढता येत नव्हती, म्हणून मी वर जाऊन एकेक उतरवलं. काही माझ्या दोन्ही हातांत मावेनात. आत्याबाईंनी प्रत्येकावरून हात फिरवला, टिचकी मारून आवाज ऐकला, आणि ती स्वयंपाकघरात भिंतीशी मांडून ठेवली. रविवार होता. मी म्हटलं, आज एकाची भाजी करू. पाट घेतला, त्यावर एक ठेवलं आणि सुरी लावणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बाईमाणसानं डांगराला पहिली सुरी नसती लावायची," त्या म्हणाल्या. "डांगराला घरचा थोरला लेक मानत्यात. गड्यानं आधी घाव घालायचा, मंग आपुन."

मला हे माहीत नव्हतं. मी शहरात वाढले. आमच्याकडे डांगर बाजारातून यायचं, चिरलेलं, फोड करून. लग्नानंतरही तसंच. आख्खं डांगर माझ्या घरात पहिल्यांदाच आलं होतं. मी सुरी खाली ठेवली. शेजारचे काका आहेत, त्यांना बोलावते, असं म्हटलं. त्या म्हणाल्या की परक्याचा हात कशाला, घरातला पायजे.

"घरात कोण आहे?" मी म्हटलं.

मला ते तसं म्हणायचं नव्हतं. म्हणजे म्हणायचं होतं, पण त्यांना नव्हे. एका भाजीसाठी घरात पुरुष लागतो याची मला चीड आली होती, आणि घरात पुरुष नाही याचीही, आणि ही दुसरी चीड कुणावर काढायची ते गेले आठ महिने मला कळलेलं नव्हतं. आत्याबाई उठून हॉलमध्ये गेल्या. दुपारी आम्ही पिठलं खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दिराला फोन लावला आणि मला न्यायला ये म्हणून सांगितलं. मी तिथेच उभी होते. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "ज्या घरात डांगर कापायला कुणी नाय, तिथं म्हातारीनं राहून काय करायचं? तुझी तू मोकळी राहा."

दीर यायला चार-पाच दिवस लागले. तेवढे दिवस डांगरं भिंतीशी बसून होती आणि मी त्यांना वळसा घालून स्वयंपाक करत होते. एकदा त्या देवळात गेल्या असताना मी सुरी घेऊन एकापुढे उभी राहिले. माझा त्या रीतीवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण ती डांगरं माझी नव्हती. बाईमाणसाने खाली बसून, उठायला वेळ घालवून ती लावली होती. मी सुरी परत ठेवली आणि मला माझाही राग आला.

धाकटा दीर मार्केटला तांदूळ घेऊन आला होता, तसाच पिकअप घेऊन दारात आला. आत्याबाईंची पिशवी सकाळपासून भरलेली होती. चहा पिता पिता त्याने डांगरं पाहिली, आईकडून सगळी हकिकत ऐकली आणि हसू लागला. "एवढंच ना," म्हणत तो गाडीतला कोयता घेऊन आला, धुतला, आणि भिंतीशी मांडलेल्या प्रत्येक डांगरावर एकेक घाव घालत गेला. शेवटच्यावर घाव घालून तो माझ्याकडे वळला.

"घ्या वहिनी. आता तुमचं अडायचं नाय. लागंल तेव्हा कापा."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखर मदत केल्याचं समाधान होतं. मीही आभार मानणार होते. आत्याबाई मात्र कपाळाला हात लावून बसल्या.

"अरे, अक्कल कुठं ठिवलीस? घाव घातलेलं डांगर टिकतंय व्हय? ही सारी आठ दिसांत नासत्याल."

मग तो म्हणाला की गाडीत टाकतो, गावी नेतो. त्या म्हणाल्या की गावी बांधावर काय कमी हायेत, आणि मी लावलेलं हिला एकबी नको का. तो म्हणाला, मग ठेव. त्या म्हणाल्या, ही एकटी एवढ्याचं काय करंल, हिला तर मेथी आली नाय. दिराने घड्याळ पाहिलं. मार्केटमध्ये हमाल थांबले होते. "आई, तू ठरीव," तो म्हणाला. "मी पुढच्या आठवड्यात येतो. तवर संपवा तुमची डांगरं." पिशवी हॉलमध्येच राहिली आणि गाडी गेली.

मग आम्ही डांगर खाल्लं. भाजी खाल्ली, भरीत खाल्लं, डाळीत घातलं, थालीपिठात घातलं. वर्ष झालं नव्हतं, घरात तळण नको असं त्याच म्हणायच्या, पण तिसऱ्या दिवशी घावाच्या कडा मऊ पडायला लागल्या तेव्हा त्यांनीच कढई मागितली आणि घारगे तळले. मी ते डब्यात घालून कॉलनीत घरोघर देत फिरले. दुखवट्याच्या घरातून गोड आलेलं पाहून काही बायका गोंधळल्या. चिलटं झाली. मला डांगराच्या वासाची शिसारी आली. मी जाड चिरते, साल जास्त काढते, मीठ आधी टाकते, हे मला दर अर्ध्या तासाने ऐकावं लागत होतं.

याच्या मधेच कधीतरी, बिया धुताना, त्यांनी सांगितलं की लहानपणी तो डांगर खातच नसे. त्याचे वडील शेतावर असले की पहिला घाव घालायला त्या त्यालाच बोलवायच्या, थोरला म्हणून. कोयता दोन्ही हातांनी धरून घाव घालायचा आणि जेवताना भाजी गुपचूप बैलाला नेऊन द्यायचा. बैलसुद्धा त्याचा पानावरून उठण्याचा आवाज ओळखायचा.

मी विळीवरचा हात थांबवला. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी डांगराची भाजी केली होती आणि त्याने ती पानात तशीच ठेवली होती. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती बिघडली होती. मी आत्याबाईंना ते सांगितलं. त्या आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसत राहिल्या, आणि मी पुढची फोड चिरली.

बिया ताटात पसरता पसरता त्यांनी विचारलं, "मला ठिवून घेऊन तुला काय मिळायचं गं?"

मला मोठं काही बोलता येत नाही. मी म्हटलं, "घरात भांडायला कुणीतरी पाहिजे."

"त्याला मी बरी हाय," त्या म्हणाल्या. "चिर आता. किती जाड चिरतीस."

आठवड्याने दिराचा फोन आला. त्यांनी त्याला सांगितलं की आता भातकापणी झाल्यावर बघू, तुझी धांदल असंल. कापणी झाल्यावर सांगितलं की थंडीत गुडघे दुखतात, इथं डॉक्टर जवळ हाय. राहते असं त्या म्हणालेल्या नाहीत. मी विचारलेलं नाही. पिशवी कधीतरी रिकामी झाली. कुठल्या दिवशी ते मला माहीत नाही.

पुढच्या महिन्यात त्याला जाऊन वर्ष होईल. खोलीचा स्लॅब अजून तसाच आहे आणि वाळलेला वेल त्यावर आहे. आत्याबाई हॉलमध्ये झोपतात, मी आत झोपते. घरात आम्ही दोघी आहोत.